‘मॅडम, मी पडली तं मले कोन धरीन?’

पत्र : मी अकोट तालुक्यातल्या एका गावात आठवी-नववीला शिकवते. यंदाची सहल नेहमीसारखी देवदर्शन आणि बगिच्याची न काढता मुलांना रॉक क्लायंबिंगला न्यावं असं मनात आहे. अडतीस मुलं तयार आहेत, त्यात सतरा मुली. एका ॲक्टिव्हिटी सेंटरचा माणूस शाळेत पत्रक देऊन गेला : माणशी साडेनऊशे रुपये, एका दिवसात आठ ॲक्टिव्हिटी, जेवण धरून. दुसरीकडे गावातला, फौजेतून परत आलेला एक तरुण म्हणतो, कशाला पैसे घालवता, गावाबाहेरच्या बंद खदानीत मी दोर लावून देतो. मुख्याध्यापक म्हणतात, काही झालं तर निस्तरणार कोण? मुलींच्या आयांची काळजी आणखी वेगळी. मुलांना तर नरनाळा किल्लाच चढायचा आहे, तोही दोर लावून. परवा वर्गात विषय काढला तेव्हा नववीतली एक मुलगी उठून म्हणाली, ‘मॅडम, मी पडली तं मले कोन धरीन?’ मला उत्तर देता आलं नाही. कुठं न्यावं, कुणावर विसंबावं, की विचारच सोडून द्यावा?
– अकोट तालुक्यातील एक शिक्षिका

उत्तर :

प्रिय ताई,

विचार सोडू नका. पण तुमच्या पत्रातल्या प्रश्नांचा क्रम मला बदलावासा वाटतो. ‘कुठं न्यावं’ हे तुम्ही आधी विचारलंत आणि त्या मुलीचा प्रश्न मागे राहिला. माझ्या लेखी तिचाच प्रश्न पहिला आहे. दोर कुणाच्या हातात असेल, तो माणूस काय शिकून आलाय, वर दोर कशाला बांधलेला असेल आणि मी घाबरले तर मला कुणी ओरडणार तर नाही ना, एवढं सगळं तिच्या त्या एका वाक्यात आहे. या प्रश्नांची सरळ उत्तरं जिथं मिळतील तिथं मुलांना न्या, मग तिथला कातळ तीसच फुटांचा असला तरी चालेल.

मी अमरावती जिल्ह्यात एकवीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं. मधे एका उन्हाळ्यात उत्तरकाशीला जाऊन गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केला आणि पुढे मुलामुलींच्या तुकड्या घेऊन बरीच हिंडले. त्या अनुभवावरून लिहितेय.

आधी खदानीचं बोलते, कारण ते तातडीचं आहे. तिथं मुलांना नेऊ नका. बंद खदानीचा उभा कडा तयार भिंतीसारखा दिसतो, म्हणून मोह होतो. पण तो दगड सुरुंगानं फोडलेला असतो. सुरुंग उडतो तेव्हा जो दगड बाहेर पडतो त्याच्या मागच्या दगडालाही भेगा जातात आणि त्या बाहेरून कळत नाहीत. त्यात आपल्या वऱ्हाडातला खडक म्हणजे बेसाल्ट, लाव्हाचे थरावर थर. कुठं तो घट्ट, लोखंडासारखा असतो, तर कुठं भोकाभोकांचा आणि हातात तुकडा निघून येईल असा. दोन थरांच्या मधे कधी लाल मातकट पट्टा असतो, तो नखानंही उकरता येतो. खदानीच्या वरच्या काठावर सुटा मुरूम, म्हणजे दोर अडकवायला भरवशाचं काही नाही, आणि चढणाऱ्याच्या डोक्यावर खडे पडणार ते वेगळंच. खाली साचलेलं पाणी किती खोल आहे हे गावात कुणी मोजलेलं नसतं.

त्या फौजी भावाला मात्र दुखवू नका. गावातल्या मुलांसाठी कुणी स्वतःहून पुढं येतंय ही मोठी गोष्ट आहे. त्यांना चहाला बोलवा आणि मोकळेपणानं विचारा : कडा चढण्याचं प्रशिक्षण कुठं घेतलंत, आणि लहान मुलांना कधी शिकवलंय का? फौजेतला प्रत्येक जण कडे चढत नाही, आणि चढणारा प्रत्येक जण शिकवू शकतो असंही नाही. पंचविशीतल्या कसलेल्या जवानाला दोर लावणं वेगळं आणि पस्तीस किलोच्या, घशाला कोरड पडलेल्या पोरीला लावणं वेगळं. या क्षेत्रात शिकण्याची एक रीतसर चढण आहे : बेसिक कोर्स, मग ॲडव्हान्स, मग ‘मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन’, म्हणजे शिकवायचं कसं याचा कोर्स. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट १९५४ पासून आणि उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग १९६५ पासून हे शिकवतात. मनालीलाही अशी संस्था आहे. बेसिक कोर्स सुमारे चार आठवड्यांचा असतो आणि त्याचे सुरुवातीचे दिवस बर्फावर जात नाहीत, दगडावर जातात. उत्तरकाशीला आम्ही रोज तेखल्याच्या कातळावर असायचो, बोटांची सालं निघेपर्यंत. तुमच्या या भावाची खरी तयारी असेल तर त्यांनी ही वाट धरावी. चार-पाच वर्षांत तालुक्याला स्वतःचा शिक्षक मिळेल. तोवर त्यांना सहलीला सोबत घ्या. अडतीस डोकी मोजणं, रांग सांभाळणं, पाण्यावर लक्ष ठेवणं यासाठी त्यांच्याइतका चांगला माणूस तुम्हाला मिळायचा नाही.

आता ते पत्रक. त्यावर कागद-पेन्सिल घेऊन एक साधा हिशेब करा, मुलांनाच फळ्यावर करायला लावा. अडतीस मुलं गुणिले आठ ॲक्टिव्हिटी म्हणजे ३०४ पाळ्या. जेवण आणि प्रवास वजा जाता दिवसाचे सहा तास हातात धरले तर झाली ३६० मिनिटं. चार ठिकाणी एकाच वेळी खेळ चालू ठेवले तरी एका पाळीला पाच मिनिटंसुद्धा येत नाहीत, आणि त्यातच हार्नेस, म्हणजे दोर जोडायचा कमरेचा-मांड्यांचा पट्टा, घालायचा, तपासायचा, चढायचं, उतरायचं, हार्नेस काढायचा. एवढ्या वेळात कुणी काही शिकत नाही. मूल वर ढकललं जातं, फोटो निघतो, पुढचं मूल येतं. आणि ही घाईच घातक असते, कारण घाईत पहिली गळते ती तपासणी.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सेंटरवर आमची तुकडी होती. दुपार झाली होती, रांग लांब होती आणि हार्नेस चढवणारा मुलगा दमलेला होता. त्यानं आठवीतल्या एका मुलीच्या कमरेचा पट्टा बकलातून एकदाच ओढला. जुन्या पद्धतीच्या बकलात पट्टा परत उलटा घालून आणावा लागतो, नाहीतर भार आला की तो सरकत निघून येतो. मी चार पावलांवर उभी होते आणि माझं लक्ष दुसरीकडे होतं. ओरडली ती रांगेतली तिची मैत्रीण : ‘बाई, हिचा पट्टा उलटा नाही घेतला!’ आदल्या दिवशी शाळेच्या पटांगणात आम्ही एकमेकांचे पट्टे तपासायचा खेळ घेतला होता, तो त्या पोरीनं मनावर घेतला होता. मी तिथंच कार्यक्रम थांबवला आणि मुलांना घेऊन परत आले. पैसे गेले. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि तेव्हापासून मी एक गोष्ट पक्की धरून आहे : ज्या ठिकाणी मुलांना नुसतं चढवतात तिथं जायचं नाही, जिथं एकमेकांना तपासायला आणि एकमेकांचा दोर धरायला शिकवतात तिथंच जायचं.

तेव्हा त्या पत्रकवाल्याला फोन करा आणि सांगा, आम्हाला आठ नकोत, दोनच हवेत : एक कातळावर चढणं, दुसरी दोराच्या गाठी आणि बिले, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून धरून सांभाळणं. झिपलाइन (तारेवरून घसरत जाणं) आणि बर्मा ब्रिज (दोरांचा झुलता पूल) यांना माझा विरोध नाही, मुलांना मजा येते. पण तिथं मूल प्रवासी असतं, चालक नसतं. रॅपलिंगबद्दल जरा जास्त सावध राहा. आपल्याकडच्या बऱ्याच सेंटरवर ‘क्लायंबिंग’ म्हणून प्रत्यक्षात रॅपलिंगच असतं, म्हणजे दोरावरून खाली उतरणं. त्यात मुलाचा सगळा भार पहिल्या क्षणापासून साधनांवर असतो. म्हणून उतरणाऱ्या दोराशिवाय दुसरा, वेगळ्या ठिकाणी बांधलेला आणि प्रशिक्षकाच्या हातात असलेला सुरक्षेचा दोर हवाच. तो नसेल तर नको म्हणा. धबधब्यातलं रॅपलिंग तर पहिल्यांदा जाणाऱ्या शाळकरी मुलांसाठी मुळीच नको.

फोनवरच आणखी काही विचारून घ्या. शिकवायला कोण येणार, त्यांचे कोर्स कोणते, प्रमाणपत्राची प्रत पाठवाल का? २०२१ साली राज्य शासनानं साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणीचा कागद मागा. खात्री करायची तर संचालनालयाचं प्रादेशिक कार्यालय अमरावतीला आहे. विमा आहे का आणि त्यात विद्यार्थी धरलेत का? दोर केव्हाचा आहे आणि त्याची नोंदवही ठेवता का? चढाईचा दोर न वापरताही जुना होतो; बनवणारे सहसा दहा वर्षांची मुदत देतात आणि रोज घासला जाणारा दोर त्याच्या किती तरी आधी बाद करावा लागतो. चढाईच्या दोरावर ‘ईएन ८९२’ आणि हेल्मेटवर ‘ईएन १२४९२’ असा युरोपीय मानकाचा शिक्का असतो, कॅरॅबिनरवर, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीवर, ती किती किलोन्यूटन भार पेलते ते कोरलेलं असतं. बांधकामावरच्या पिवळ्या टोप्या दिसल्या तर समजून घ्या.

शेवटचा प्रश्न माझ्या आवडीचा आहे : ‘एखादं मूल अर्ध्यावर जाऊन नको म्हणालं तर तुम्ही काय करता?’ ‘काही होत नाही मॅडम, आम्ही चढवतोच’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा. ‘लगेच खाली घेतो, पुन्हा वाटलं तर पुन्हा येऊ दे’ असं जो म्हणेल त्याला मुलं कळतात.

जागेचं आता सांगते. नरनाळ्याला मुलांना जरूर न्या, पण पायी. शहानूरहून चढा, महाकाली दरवाजावरचं कोरीवकाम दाखवा. दोर मात्र नको. किल्ला संरक्षित स्मारक आहे आणि भोवती अभयारण्याचं जंगल. तटबंदीला खिळा ठोकणं हा गुन्हा आहे आणि शेकडो वर्षं ऊन-पाऊस खाल्लेली ती चिरेबंदी माणसाचं वजन पेलायला बांधलेलीही नाही. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्याचंही तेच. मुलांना कारण समजावून सांगितलंत तर ती नाराज होणार नाहीत.

तुम्हाला सगळ्यात जवळ चिखलदरा. अंजनगाव-परतवाडा करून वर घाट, आणि घाटात निम्मी मुलं ओकणार हे धरून चाला. सकाळी हलकं खायला द्या. उंची अकराशे मीटरच्या वर, थंडीत हवा उत्तम. तिथल्या पॉइंटांवरून दिसणाऱ्या दऱ्या छाती दडपवणाऱ्या आहेत आणि नेमक्या म्हणूनच पहिल्यांदा चढणाऱ्या मुलांच्या कामाच्या नाहीत. तुम्हाला हवा पंचवीस-तीस फुटांचा, घट्ट, पायथ्याशी सपाट जागा असलेला कातळ, जिथं वर चालत जाऊन दोर लावता येतो. म्हणजे दोर आधीच वरून आलेला असतो, मूल चढतं तसतसा तो आवळत जातो, हात सुटला तरी मूल थोडंसंच खाली येऊन लटकतं. याला टॉप रोप म्हणतात. मुलांसाठी हीच पद्धत. वरचा दोर एकाच झाडाला किंवा एकाच खिळ्याला बांधलेला नसावा. दोन वेगवेगळे आधार हवेत, एक सुटला तरी दुसरा धरून ठेवेल असे. काठावर दोर घासू नये म्हणून जाड कापड किंवा गोणपाट घातलेलं दिसलं पाहिजे. परिसर मेळघाटचा आहे, तेव्हा जागा वनहद्दीत येत असेल तर वन विभागाची परवानगी आयोजकानं घेतली आहे का ते कागदावर पाहा.

शाळेत स्काऊट-गाईडचं पथक असेल तर मध्य प्रदेशातल्या पचमढीचा विचार जरूर करा. भारत स्काऊट्स अँड गाईड्सची राष्ट्रीय साहस संस्था तिथं आहे, शिबिरं काही दिवसांची असतात आणि अर्ज जिल्हा कार्यालयामार्फत जातो. रेल्वेनं पिपरिया, किंवा नागपूरहून छिंदवाड्यामार्गे रस्ता. तिथला दगड आपल्यासारखा काळा नाही, वालुकाश्म आहे. बोटांना छान पकड देतो, पण ओला झाला की त्याची ताकद कमी होते आणि धरलेला कंगोरा तुटून हातात येतो. पाऊस पडून गेल्यावर लगेच त्यावर चढू नये.

तिसरी जागा दूरची. पूर्वेकडे, चंद्रपूर-गडचिरोलीत शिकवणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर त्यांना ती तुमच्यापेक्षा सोयीची. तेलंगणातलं भोंगीर म्हणजे भुवनगिरी. एकच एक प्रचंड कातळ, वर किल्ला, आणि पायथ्याशी शिकवणारी रॉक क्लायंबिंगची शाळा. बल्लारशाहून काझीपेठमार्गे सिकंदराबादला जाणारी रेल्वे भोंगीरवरूनच जाते, फक्त थांबणारी गाडी बघून घ्यावी लागते. मालावत पूर्णा २०१४ साली तेरा वर्षं अकरा महिन्यांची असताना एव्हरेस्टवर गेली, तिनं दोराचे पहिले धडे या कातळावर घेतले. शेतमजुराची मुलगी, सरकारी निवासी शाळेत शिकणारी.

हे पालकसभेत सांगा. आणि आपल्याच विदर्भातलं आणखी एक सांगा : मे २०१८ मध्ये ‘मिशन शौर्य’ या मोहिमेत चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे दहा आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टला गेले आणि त्यातले पाच जण शिखरावर पोहोचले. ‘हे आपल्या खेड्यातल्या लेकरांचं काम नोहे’ असं कुणी म्हणालं तर हे उत्तर पुरेसं आहे. मात्र त्या मुलांनी आधी महिनोन्‌महिने प्रशिक्षण घेतलं होतं, हेही त्याच दमात सांगा.

मुलींच्या आयांची काळजी तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलीत, पण मला ती नीट दिसतेय. हार्नेस मांड्यांना आणि कमरेला बांधतात, आणि तो बांधायला अनोळखी पुरुष पुढं येतो. आया तोंडानं बोलत नाहीत, पण नेमकं यालाच भितात आणि ते रास्त आहे. आयोजकाला आधीच स्पष्ट सांगा की मुलींचे हार्नेस बाई प्रशिक्षक चढवेल. तशी कुणी नसेल तर तुम्ही आणि आणखी एक शिक्षिका आधी शिकून घ्या, पट्टे तुम्ही ओढा आणि प्रशिक्षकानं हात न लावता बघून खात्री करावी. सलवार-कुर्ता चालतो, कुर्ता आत खोचलेला. त्याहून ट्रॅकपँट बरी. ओढणी नको, वेणी बांधून कुर्त्याच्या आत, कारण रॅपलिंगच्या साधनात केस आणि ओढणी खेचली जातात. बांगड्या, अंगठ्या, गळ्यातले गंडेदोरे काढून ठेवायचे; मुलांचे करदोडेसुद्धा, हार्नेसखाली ते रुततात. चप्पल नाही. शाळेचे कापडी बूट चालतात. जवळ मुलींसाठी संडास आहे का, कपडे बदलायला आडोसा आहे का, हे विचारायला संकोच करू नका. पाळी आली म्हणून कुणाला घरी ठेवायची गरज नाही. सोबत पॅड ठेवा आणि मुलींना तसं आधीच सांगा.

हार्नेसबद्दल आणखी एक, मेळघाटाच्या पायथ्याच्या आपल्या मुलांच्या बाबतीत महत्त्वाचं. आपली पोरं अंगानं किरकोळ असतात. मोठ्यांच्या मापाचा हार्नेस शेवटपर्यंत आवळला तरी काहींच्या कमरेवर सैल राहतो आणि मूल उलटं झालं तर त्यातून निसटू शकतं. अशा मुलांना लहान माप किंवा छातीसकट पूर्ण अंगाचा हार्नेस लागतो. फोनवर विचारा की असे किती आहेत. आधी शाळेत कमरेची मापं घेऊन कळवा.

तब्येतीची विचारपूस घरोघर करा, वर्गात हात वर करायला लावू नका. दमा, फिट येणं, हृदयाचं दुखणं, आणि आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजार. सिकलसेलच्या मुलाला अंगातलं पाणी कमी झालं किंवा दमछाक झाली की दुखण्याचा झटका येऊ शकतो. अशा मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढवू नका. पण घरीही ठेवू नका. दोराच्या नोंदी, वेळ, हाका ही कामं तो उत्तम करेल.

तारीख जानेवारीतली धरा. दिवाळीनंतर थंडी चांगली असते, पण तेव्हा कापूस वेचणी चालू असते आणि मोठी मुलं वावरात गेलेली असतात. नेमकी तीच सुटून जातील. फेब्रुवारी सरत आला की दगड तापायला लागतो. आग्या मोहोळाची चौकशी आयोजकाबरोबरच तिथल्या गुराख्यांकडेही करा. कातळाच्या कपारीत त्यांची पोळी लोंबतात आणि ती कुठं बसली आहेत हे गुरं चारणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. पोळं दिसलं की तो कातळ सोडायचा, ‘शांत आहेत’ या भरवशावर चढायचं नाही. अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर दोरावरच्या मुलाला ताबडतोब खाली घ्यायचं, तोंड झाकून लांब पळायचं, आणि कुणाला दम लागायला लागला तर थेट दवाखाना. चिखलदऱ्याला ग्रामीण रुग्णालय आहे, खाली अचलपूरला उपजिल्हा रुग्णालय. १०८ ला फोन लागेलच असं नाही, मेळघाटात नेटवर्क दगा देतं. म्हणून एक गाडी आणि तिचा चालक दिवसभर कातळाजवळ हवा, जेवायलासुद्धा न हलणारा.

मुख्याध्यापकांवर रागावू नका. ‘निस्तरणार कोण’ हा प्रश्न विचारणं त्यांचं कामच आहे. त्यांच्यापुढं तोंडी आश्वासन ठेवू नका, फाइल ठेवा : शिक्षण विभागाची सहलीची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, आयोजकाची नोंदणी, विमा, प्रशिक्षकांची प्रमाणपत्रं, मुलांच्या तब्येतीची यादी, दवाखान्यांचे नंबर. एसटीला शालेय सहलीसाठी भाड्यात सवलत मिळते, तो अर्जही त्यातच. आणि त्यांना हेही सांगा की संमतीपत्रावर पालकाची सही आली म्हणून आपली जबाबदारी सुटत नाही. असं म्हणणाऱ्या शिक्षिकेवर ते जास्त भरवसा ठेवतील.

जायच्या आधी तीन-चार आठवडे शाळेतच सुरुवात करा. आपल्या मुलांना गाठी नव्यानं शिकवाव्या लागत नाहीत. बैलाला दावं बांधणारं पोर चढाईतली आठच्या आकड्यासारखी गाठ पाच मिनिटांत शिकतं. फक्त बजावून ठेवा की कासरा किंवा बाजारातला नायलॉन दोर गाठी शिकण्यापुरता, लटकण्यासाठी नाही. चढाईचा दोर ताणला जाऊन पडणाऱ्याचा हिसका स्वतः झेलतो. कासरा तो हिसका पोराच्या कमरेला देतो. शाळेची दगडी भिंत असेल तर तिच्या कडेनं आडवं चालायचा खेळ घ्या, पाय जमिनीपासून दोन फुटांच्या वर जाऊ न देता, खाली वाळू टाकून. तीन आधार धरलेले, चौथा हलवायचा, एवढा एकच नियम. आणि जोड्या लावून एकमेकांची तपासणी : बकल, गाठ, कॅरॅबिनरचा स्क्रू, हेल्मेटचा पट्टा.

प्रत्यक्ष दिवशी तीन दोर पुरेत, प्रत्येक दोरामागे एक प्रशिक्षक, वर आधारांपाशी एक. सकाळी एकोणीस मुलं, दुपारी एकोणीस. एका दोरावर सहा-सात जण आले, दहा मिनिटांची पाळी धरली तर अडीच तासांत प्रत्येकाच्या दोन पाळ्या होतात. दुसरी पाळी फार महत्त्वाची आहे. पहिल्या वेळी मूल भीतीनं चढतं, त्याला दगड दिसतच नाही. दुसऱ्यांदा पाय कुठं ठेवायचा ते बघायला लागतं.

आणि त्या मुलीचं. तिला आधी वर पाठवू नका. सकाळी पहिल्यांदा तिच्या मैत्रिणीला चढू द्या आणि हिला खाली दोरापाशी उभी करा. प्रशिक्षक बिले देईल, त्याच्या मागं दोराचं शेपूट हिच्या दोन्ही हातांत. मैत्रीण दहा फुटांवर गेली की प्रशिक्षकाला सांगून तिला मुद्दाम हात सोडायला लावा. हिच्या हातातला दोर ताठ होईल आणि वर मैत्रीण लटकलेली दिसेल. मग तुम्ही काही बोलू नका. तिला हवं तेवढा वेळ दोर धरून उभी राहू द्या, आणि हार्नेस घालायचा का हे तिलाच विचारा.